अक्काचे पंचाहत्तर दिवे

देवाशपथ, यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे एखादं असेल, पण माझा संताप शंभर टक्के खरा.

आमच्या आत्याला, म्हणजे अक्काला, पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून अमळनेरजवळच्या गावी तिला तेवढ्याच दिव्यांनी ओवाळायचं ठरलं. तिने मला बजावलं होतं, "बठ्ठा दिवा फोटोमा दिसाले पाहिजे!" सगळेच्या सगळे दिवे दिसावेत म्हणून मी घरातले लाइट घालवले, फ्लॅश बंद केला, कॅमेरा स्टँडवर लावला आणि म्हटलं, "अक्का, आता जराही हलू नको." बिचारी श्वास रोखून बसली. मी बटण दाबलं, आणि नेमके तेव्हाच तिचे दीर नाना ट्रॅक्टर ओट्याला भिडवून हेडलाइट आत सोडून मोकळे!

"काढ आते!" नाना मला ओरडून म्हणाले. "अंधारमा काय फोटो काढस?"

फोटो पांढराफटक. अक्काने डोळ्यांवर हात धरलेला. धुराळ्याने दिवेही विझले. आणि बोलणी कोणाला? मला! जो तो म्हणाला, "इतका महागाचा कॅमेरा, अन् साधे दिवे येत नाहीत?"

आता खोटं काय ते सांगतो. ट्रॅक्टर नव्हता, नानांची मोटारसायकल होती. पण ती ओट्यापाशी थांबली नाही, थेट अक्काच्या पाटापर्यंत आली!