कुलपाआडचा पंखा

चहा घ्या, सांगतो. गिरण्यांचा संप लांबला आणि लालबागच्या आमच्या खोलीचं विजेचं बिल थकलं. मीटर खोलीच्या आत होता, त्यामुळे वीज कापणारा आला की चाळीत एकच रीत. शेजारीण बाहेरून कुलूप लावायची आणि आम्ही आत गप्प बसून राहायचो.

एका दुपारी तो आमच्याच दाराशी येऊन थांबला. आत मी, बायको आणि तापाने फणफणलेली आई. वीज गेली तर आईचं काय, या भीतीने मी दाराला कान लावला. तेवढ्यात लक्षात आलं, आईसाठी लावलेला पंखा कुरकुरत फिरतोय.

तो शेजारणीला म्हणाला, "वहिनी, घरात माणूस नाही आणि पंखा चालू? बिल किती चढेल यांचं."

बिलाचं नाव ऐकताच आईने उठून खटकन बटण बंद केलं.

बायकोने डोळे मिटून घेतले.

मग तो हळूच म्हणाला, "पंखाही संपावर गेला वाटतं. सांगा त्यांना, उद्या येतो."

त्याची पावलं जिना उतरली. आई तिच्या मालवणीत कुजबुजली, "गेलो काय रे तो?"

कुलूप निघालं, तरी रात्रीपर्यंत पंखा लावायला कोणाचा हात धजला नाही.