कोरियाच्या शेवया

उभी काय राहतेस नूतन, बस की — मग काय, सांगते ना. आमची शीतल, सून म्हणून गुणाचीच आहे, मी कधी वाईट बोलते का तिचं? बोलले असेन एखाद्या वेळी, ते जाऊ दे. पण लग्न होऊन आली तेव्हापासून एकच पालुपद — आई, मला तिखट सोसत नाही. ठाण्याची पोर, म्हटलं नसेल सवय, आपल्या जळगावची शेवभाजी म्हणजे नुसती तर्री बघून बाहेरच्याला घाम फुटतो. तिच्यापुरतं वरण वेगळं काढते मी, रोज. कोणती सासू काढते, सांग? मी काढते. आणि चारचौघींत सांगतेही, का नाही सांगायचं?

तर काल आमच्या भूषणने ते कोरियाचं पाकीट आणलं. बायकोचे लाड. शेवयाच त्या, जरा जाडजूड, सोबत तिखटाची पुडी. म्हटलं आण इकडे, जामनेरची मिरची आणून दरसाल काळा मसाला करते मी, मला कोरिया काय तिखट दाखवतो. भूषण म्हणे, आई, पूर्ण पुडी नको टाकू. नको टाकू म्हणजे? टाकली, अख्खी. पहिला घास गोडच लागला बघ — म्हटलं हे तर लेकरांचं खाणं — आणि दुसऱ्या घासाला, व माय, कानातून वाफ. नाक गळतंय, डोळे गळताय, जीभ आहे का गेली कळेना. पाणी प्यायले तर आणखीच भडकलं, शेवटी साखरेचा डबाच तोंडाला लावला. भूषण मेला मोबाइल धरून उभा, आणि आमचे हे सोफ्यावर हसून राह्यले. पदराने डोळे पुसून बघते तर शीतल माझीच ताटली ओढून खाऊन राह्यली. ना घाम, ना पाणी. वरून बोटं चाटली आणि नवऱ्याला म्हणे, अजून एक आहे का?

मी तोंडात साखर घेऊन उभी. म्हणजे तिखट सोसत नाही असं नव्हतंच ना ते — मग काय सोसत नव्हतं? यांना सरळ विचारलं, माझी शेवभाजी कशी असते हो? तर म्हणे, दही घातलं की छान लागते. इतकी वर्षं मला वाटायचं, माणसाला दह्याचा नाद आहे.

वाईट वाटलं गं, हसू नको. मला ना शिवण येतं ना रांगोळी, एवढं एकच तर होतं. सासूबाई साऱ्या भावकीत सांगायच्या, आमच्या कमलच्या हाताला चव आहे — आता सासूबाईंना शेवटी शेवटी चवच कळत नव्हती कशाची, ते वेगळं. तेव्हाच म्हणायच्या त्या. हो, तेव्हाच.

म्हणून आज मुद्दाम केली, जीव ओतून. हा बघ रंग. त्या घरातल्यांना नाही विचारत मी आता, तू चाखून सांग, तू खोटं नाही बोलणार. घे, एकच घास — उपास? आज मंगळवार, तुझा तर गुरुवार असतो. मागच्या वेळी तुला पित्त होतं. दिवाळीत दाढ दुखत होती.

बरं.

जा मग तू. दार लोटून घे जाताना.