दुसरी कडी

गजू आजकाल कावून दिसत नाही, तुमी विचारून राहिले ना? सांगतो.

गिटारचा माहा जुना ॲम्प तुमी पाह्यलाच हाय. वजन असं का दोघांशिवाय हालत नव्हता. दोन बाजूले दोन कड्या होत्या, एक माह्या हातात, एक गजूच्या. गजूले वाजवता काहीच येत नाही, पन अमरावतीहून अकोल्याले प्रोग्राम असला का तो हजर.

मंग मी हा डिजिटल मॉडेलर घेतला. जेवनाच्या डब्याएवढा, पन त्याच्यात पन्नास ॲम्पचे आवाज. महिना झाला, अजून अर्धी बटनं मले समजत नाही.

ह्या मॉडेलरसंगं पहिलाच प्रोग्राम होता. गजू नेहमीसारखा बाह्या वर करून दारात उभा. म्हने, "चाल, उचल."

मी पाठीवरची बॅग दाखवली. "याच्यातच हाय सारं."

त्यानं बॅग चारी बाजूनं पाह्यली. "अन् याले कडी कुठी हाय बे?"

"नाही ना."

"मंग मी काय धरू?"

मले वाटलं मजाक करून राहिला. मी हासलो.

त्यानं बाह्या खाली केल्या, बटनं लावली अन् घरी गेला.