जान्याच्या प्रार्थनेतलं नाव

बस भाऊ, बस त्या ओट्यावर, खांब नि तारा टेम्पोतच राहू दे — मालक भिवंडीला गेलेत, येतील — खड्डे कुठं घ्यायचे ते मी सांगते की. कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकलास म्हणून दिवेलागणी व्हायला आली, मग आता आणखी जरा. चहा घे. काय? कुंपण पुढं न्यायचं का मागं? मागं. हो, मागं. असा माणूस तू पाहिलास कधी आमच्या खारबावात, कुंपण मागं घेणारा? न्हाय ना. मीही न्हाय पाहिला, आणि तीस वर्षं त्याच्याशी संसार करतेय.

ते कुंपणाला चिकटलेलं कौलारू घर दिसतंय ना, ते जान्याचं. पाड्यावरचा माणूस, इथं वांगी-मिरच्या लावून राहतो, बायको मंगळी. दोघं ख्रिस्ती झालेत, रविवारी कामतघरला जातात, तिथं लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत प्रार्थना असते. आता माणसं काय, रविवारी देवाची होतात आणि सोमवारी सुटतात — हा सुटला न्हाय. आमची पंचाईत तिथंच झाली. दोन हजार पाचच्या पुरात कुंपण वाहून गेलं, मालकांनी नवं घातलं ते हातभर पलीकडं. म्हणजे — हातभर म्हणायचं आपलं. जान्या भांडायला येणार म्हणून ह्यांनी सगळी तयारी ठेवली होती, माझ्या भावाला, हिरामणला, मुद्दाम बोलावून बसवलं होतं. जान्या आला. म्हणाला, शेट, दोरी एकट्यानं ताणली की वाकडी जाते, मी धरतो टोक. आणि धरलं. स्वतःच्या वांग्यांत उभा राहून, आमच्या कुंपणाची दोरी. वर विचारतो, अजून लागंल का? हिरामण कोंबडी जेवला आणि तसाच घरी गेला.

मालकांना झोप न्हाय. म्हणे ह्यात काहीतरी डाव हाय. म्हणून डाव बघायला ह्यांनी कुंपण आणखी सरकवलं — जान्यानं पहार आणून दिली. पुन्हा सरकवलं. त्याच्या कोंबड्या आता आमच्या हद्दीत अंडी घालायला लागल्या, तर हा अंडी ओंजळीत घेऊन दारात उभा — बाय, जमीन तुमची, ही तुमची. मी घेतली. न घेऊन काय करू, पोराबाळांचं घर हाय. मंगळी मात्र त्याला सोडायची न्हाय हां — देवानं तुला द्यायला सांगितलं, माझ्या वांग्यांना कुणी विचारलं? अशी कडाडायची की आम्हाला इकडं बरं वाटायचं, कुणीतरी सरळ वागतंय म्हणून. वांगी गेली तेव्हा जान्या कशेळीच्या गोदामात हमालीला जायला लागला.

आता गंमत ऐक. कुंपण इतकं जवळ गेलं ना, की त्यांच्या घरातलं सगळं ऐकू यायला लागलं. दिवेलागणीला जान्या मोठ्यानं प्रार्थना करतो. एकदा मी त्या बाजूला गोवऱ्या घ्यायला गेले, तर आत म्हणतोय — देवा, केसरीनाथ शेटचा मला लय राग हाय, त्यांची मान मुरगळावी वाटते, आजची रात तेवढी त्यांना शिवी न देता जाऊ दे. उद्याचं उद्या मागीन. मी पळत येऊन ह्यांना सांगितलं, तुमचं नाव घेतोय म्हणून. मला वाटलं, चिडतील. तर हे दुसऱ्या दिवशी तिथं खुर्ची घेऊन बसले. भाऊ, रोज. सप्ताहाला गेले न्हाईत, पंचायतीच्या मीटिंगला गेले न्हाईत. म्हणायचे, पुतळा, माझं नाव घेऊन कुणी देवाकडं काय मागितलंय का गं आजवर? मी म्हटलं, मी मागते की. तर म्हणाले, तू घराचं मागतेस.

मग एका संध्याकाळी नावच आलं न्हाय. पाऊस मागितला, मंगळीच्या गुडघ्याचं मागितलं, आमेन. मालक जेवले न्हाईत. सकाळी जाऊन त्याला विचारलं, काय चुकलं माझं? जान्या गोंधळला. म्हणाला, शेट, काल राग आलाच न्हाय, तर मागू काय? झालं — ह्यांनी त्याच दुपारी कुंपण पार त्याच्या उंबऱ्याशी नेलं. मंगळीला दारातून बाहेर पडायचं तर आमच्या तारेखालून वाकून. आणि ह्यांनी वर विचारलं, आता आला का राग? जान्या खोटं बोलत न्हाय. म्हणाला, आला, शेट. लय आला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बसलो होतो.  जान्या म्हणाला, देवा, हा माणूस मला पाडायला बघतोय, माझ्यानं आता व्हत न्हाय. पण मी पडलो तर पडलो, त्याला पडू देऊ नको.

मालक उठले. खुर्ची तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला फोन केला, त्याला झाले चार दिवस — पुराआधी जिथं होतं तिथं घाल, सगळं परत.

चांगलंच हाय ते. मी कुठं न्हाय म्हणते? फक्त — तिथून ऐकू येणार न्हाय रे. ह्यांचं ठीक हाय, ह्यांचं नाव किती वेळा आलं. माझं कुठं आलं? अंडी घेतली तरी न्हाय आलं. म्हणून मी परवा खरकटं पाणी टाकलं मंगळीच्या दारात — टाकलं म्हणजे, हातून गेलं. तर संध्याकाळी तो म्हणतो, पुतळाबायनं मिरच्यांना पाणी घातलं, तिचं भलं कर. मिरच्या! मला दिसल्याच नव्हत्या. काल पुन्हा घातलं. चांगलं घातलं, विहिरीचं.

तर असं कर, तू आज जा. जमीन मी देते ना मंगळीला, लावू दे वांगी कुंपणाच्या ह्या बाजूला, कोण अडवतंय? कुंपण तेवढं राहू दे. मालकांना सांगीन, भाऊ आलाच न्हाय. खोटं तर खोटं, मी ख्रिस्ती थोडीच हाय — कप ठेव खाली. हळू. दिवा लावला त्यांनी. टेम्पो फाटकापर्यंत ढकलत ने, चालू करू नको —

गप.