उदाहरणातला बिबट्या

...आणि वर मलाच विचारतात, शिकलेल्या माणसानं असं करावं का? अहो, शिकलेल्या माणसालाच असलं काहीतरी सुचतं. तुम्हाला सांगतो, माझी भीती खरी होती, बिबट्याच तेवढा नव्हता. आणि ही एवढी साधी गोष्ट बोलून दाखवायला मला आमच्या येडगावात वनखात्याचा पिंजरा लागला.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भरकटला... तशी ती शक्यता आहेच. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक. पुण्यात चाळीस वर्षं शिकवलं, डॉक्टरेट आहे, निवृत्त होऊन गावी आलो. गेल्या मार्चपासून रोज संध्याकाळी पाच वाजले की छाती धडधडायची, तळहाताला घाम, श्वास पुरेना, आणि डोक्यात एकच, की आता आपण जाणार. रोज जाणार. आणि रोज न जाता साडेपाच वाजायचे, चहा व्हायचा. सव्वाशे संध्याकाळी गेलो नाही, म्हणजे उद्याही न जाण्याची शक्यता दणदणीत, हे गणित मला येत नाही का? येतं. छातीला येत नाही. दोनदा कार्डिओग्राम काढला, दोन्हीदा हृदय उत्तम. मला मशीनचीच शंका आली.

मग मंगलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला जुन्नरला जास्मिन डॉक्टरांकडे नेलं. मनाच्या डॉक्टर. माझ्या मुलीहून लहान, पण शांत. म्हणाल्या, "सर, समजा वाटेत बिबट्या आडवा आला, तर काय होईल? छाती धडधडेल, घाम फुटेल, श्वास वाढेल. तुमचं शरीर तेच करतंय आणि चोख करतंय, फक्त समोर बिबट्या नाही. हा चिंतेचा आजार आहे, बरा होतो." सकाळची गोळी दिली, रोज संध्याकाळी धरणापर्यंत चालायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "घराबाहेरच्या एका तरी माणसाला हे खरं खरं सांगा."

गोळी घेतली. चालणं नाही, सांगणं नाही. आता कसं सांगणार? गावात मला सर म्हणतात. पोरानं कुठली शाखा घ्यावी, कोर्टाच्या कागदात काय लिहिलंय, सगळं मला विचारतात. उद्या म्हणाले, सरांचंच डोकं फिरलंय, तर?

आणि एक दिवस शेजारचा दादाभाऊ बांधावरून विचारतो, "काय सर, लई दिवस झालं, धरणाकडं न्हाई आला?" मी तोंड उघडलं आणि आतून काय पडावं? "बिबट्या." वर्गातला एखादा मुलगा धडा सगळा विसरतो आणि उदाहरण तेवढं पाठ करतो ना, तो मी.

"बघितला?"

"ठसे."

"कुठं?"

मी हात केला. आमच्याकडे कुठंही हात करा, ऊसच असतो.

आता दादाभाऊचं वासरू गेल्या साली बिबट्यानं नेलेलं. तो गप्प बसतोय? सकाळी वनखात्याचा गार्ड सोपान दारात, मागं अर्धी वस्ती. सोपान परसामागच्या उसाच्या कडेला उकिडवा बसून माती बघतो, "सर, हे कुत्र्याचं वाटतंय." मी म्हणणारच होतो, हो बाबा, कुत्र्याचंच, तेवढ्यात दादाभाऊ, "आरं, सर डाक्टरेट हायेत, तू बारावी. कुणाचं ऐकायचं?" संपलं. चार दिवसांत माझ्या परसात लोखंडी पिंजरा, झाडाला कॅमेरा, आणि पिंजऱ्याच्या आतल्या बंद कप्प्यात आमिष म्हणून कोंडाबाईची शेळी. ती दिवसभर माझ्या खिडकीकडे बघून ओरडायची. मला वाटायचं, हिला कळलंय.

बिबट्यानं मान धरू नये म्हणून बाया खिळ्यांचे पट्टे गळ्यात बांधून खुरपायला जायला लागल्या. पोरांची संध्याकाळची शिकवणी बंद. पाच वाजले की वस्तीतलं दार अन् दार बंद. म्हणजे माझे पाच मी सगळ्यांना वाटले. भीती खरी होती हो, बिबट्याच तेवढा नव्हता... पण आता कुठल्या तोंडानं सांगू?

सहाव्या दिवशी कोंडाबाई शेळीला पाला घेऊन आली. सत्तरीची बाई, गळ्यात तो पट्टा, मान वळेना म्हणून सगळं अंग वळवून म्हणते, "सर, तुमी हाय म्हणून बरं, न्हाईतर आमाला कळलंच नसतं." तुम्हाला सांगतो, सकाळी दहालाच माझे पाच वाजले. पिंजऱ्याला धरून खाली बसलो. दादाभाऊ पळत आला, सोपान आला, मंगल पाणी घेऊन आली. आणि मी बोललो. "बिबट्या नाही. ठसे कुत्र्याचे. मला मनाचा आजार आहे, जुन्नरला गोळ्या चालू आहेत."

 शेळी ओरडायची थांबली. दादाभाऊ माझ्या शेजारी टेकला आणि हळूच विचारतो, "गुरुवारी जाता का सोमवारी?"

"गुरुवारी."

"तरीच. मी सोमवारचा."

हा माणूस वर्षभर ट्रॅक्टरचा पार्ट आणायला जुन्नरला जातोय. मला वाटायचं, एवढे पार्ट बसवतो कुठं? "वासराचं निमित्त झालं वो सर," म्हणाला, "पर नंतर रडू कशाचं येतंय तेच कळंना. नुसता बांधावर बसायचो." तर कोंडाबाई सगळं अंग वळवून, "मंग मी काय डोळं तपासाया जाते व्हय दर म्हैन्याला? मालक गेलं तवाधरनं हाय माझं. आता कुठं जेवान जातंय." सोपान बिचारा वही घेऊन उभा, "मी रिपोर्टमधी काय लिहू?" आणि मला हसू फुटलं. पाच महिन्यांनी. मंगल घाबरली, तिला वाटलं हे नवीन लक्षण.

त्या संध्याकाळी मी, दादाभाऊ आणि कोंडाबाई, तिघं धरणापर्यंत चालत गेलो. पाच वाजले. धडधडलं, नाही असं नाही. दादाभाऊ म्हणाला, "आलं का? यिऊ द्या. माझंबी येतंय. जातंय." आणि गेलं की हो.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, खोटा बिबट्या, पिंजरा, शेळी. खूप हसल्या. म्हणाल्या, "आता बिबट्याचं नाव काढायचं नाही, रोज चालायचं."

दोन दिवसांनी गाडी मिळाली तेव्हा सोपान पिंजरा हलवायला आला, तोवर शेळीही आतच. कॅमेरा काढला, फोटो बघितले, आणि घामानं भिजला. "सर, हे बघा." काल पहाटेचा फोटो. पिंजऱ्यापाशी, शेळीच्या समोर, शेपूट पसरून बसलेला. बिबट्या. "पिंजरा राहू दे," म्हणाला, "पंधरा दिवस कुणी धरणाकडं जायचं नाय."

भीती होती तेव्हा बिबट्या नव्हता, आता ती जरा कमी होतेय तर हा हजर. पण खरं सांगू? मला बरं वाटलं. ह्या भीतीला शेपूट होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. "सर, चालताय ना रोज?"

"नाही. बंद केलंय."

"का बरं?"

आता खरं बोलायचं ठरवलंय ना मी. "बिबट्या आहे."

पलीकडे फाईल चाळल्याचा आवाज. मग अगदी मायेनं, "बरं. ह्या गुरुवारी जरा लवकर येता का, सर? मंगलताईंना घेऊन या."

जातोय. मंगलला नेतोय, फोटो नेतोय, सोपानला गणवेशात नेतोय. कोंडाबाई म्हणते, "शेळीबी न्या. तिनं समोरनं बघितलाय. आन् तवापासनं पाला खाईना, तिलाबी दाखवून आणा."

...नेतोय.