बंड्याचा पोळा

आमच्या अहमदपूरच्या काकूनं कुत्र्याचा पोळा केला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं का?

त्या वर्षी काकांनी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला. पोळ्याच्या दिवशी काकूला काही करमेना. दारात मुकं जनावर म्हणजे एकटा बंड्या कुत्रा. मग तिनं त्यालाच अंघोळ घातली, गळ्यात झेंडूची माळ घातली, ओवाळलं आणि तुपात भिजवून पाच पुरणपोळ्या चारल्या.

संध्याकाळपर्यंत बंड्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. पोटात पाणीसुद्धा ठरेना. काकू रडायलाच लागली. आम्ही त्याला तसंच उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?"

"पाच पुरणपोळ्या," काकू म्हणाली.

"अहो, कुत्र्याला गोड चालत न्हाई. गूळ न्हाई, साखर न्हाई, अन् वरून एवढं तूप! पोळा बैलाचा असतोय की!"

काकू डोळे पुसत म्हणाली, "मग काय ट्रॅक्टरला चारू?"

डॉक्टरला एवढं हसू आलं, की हातातलं इंजेक्शन थांबलं. सलाईन लावलं, आणि दोन दिवसांत बंड्या भाकरी खायला लागला.

पुढच्या पोळ्याला काकूनं बंड्याला ओवाळलं, पण पुढ्यात नुसती ताक-भाकरी ठेवली. पुरणपोळ्यांचं ताट काकांपुढं सरकवलं.

काका म्हणाले, "अगं, एवढ्या कशाला?"

"बैलाच्या वाटणीच्या हायत. बैल तुम्ही विकले, आता तुम्हीच खावा."