पदराआडचा कॅमेरा

कॅमेरा कुणी निवडावा हे मला शिकवू नका. निजामाच्या राज्यात बिदरच्या बाजारात तो मी निवडला, तोही नाकापर्यंत पदर ओढून.

आमचे धनी म्हणाले, "तो तीन पायांचा मोठा घेऊ. चारचौघांत शोभंल."

"चारचौघांना कळूच द्यायचं न्हाई मला," मी म्हणाले. "मोठा दिसला की सगळा बाजार ताठ उभा ऱ्हातो. हा मुठीएवढाच पाहिजे."

दुकानदार हसला. "अक्का, पदरातून काय दिसंल?"

"आम्ही बायका रोज ह्यातूनच बघतो की!"

त्यानं मुद्दाम रीळ घालून कॅमेरा हातात दिला. "काढून दावा."

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर बिडी ओढत उभे असलेले धनी दचकले. "अप्पा यायलेत!" बापासमोर बिडी ओढायची सोय नव्हती. समोरून सासरे येताना ह्यांनी पेटती बिडी पाठीमागं धरली. मी मागंच होते. पदराआडून खटका दाबला. कुणाला पत्ता न्हाई.

सासऱ्यांनी विचारलं, "कोणता ठरला?"

मी धन्यांच्या कानाशी लागले. "बिडीचा फोटो निघालाय. कॅमेरा इथंच ऱ्हायला, तर दुकानदार तो धुऊन दारात टांगंल."

धनी घाईनं म्हणाले, "अप्पा, लहानच घेऊ. सुनेच्या हाताला झेपंल."